गोवराची वजाबाकी

१८४६ साली फेरो बेटांवर ७,७८२ माणसं राहत होती. उत्तर अटलांटिकमधली ही वाऱ्यापावसाची बेटं डेन्मार्कच्या राजवटीत होती आणि जहाज आलं तरच जगाशी त्यांचा संबंध यायचा. त्या वर्षी मार्चअखेर कोपनहेगनहून एक सुतार तिथे उतरला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर गोवर उठला. पुढच्या काही महिन्यांत ७,७८२ पैकी सहा हजारांहून अधिक लोकांनी अंथरूण धरलं. म्हणजे दर चार माणसांमागे तिघांनी. यात पोरंटोरं होती, तसे संसारी बाप्येही होते आणि होड्या वल्हवणारे कोळीही होते.

डॅनिश सरकारनं तपासासाठी पाठवलेल्या डॉक्टरांपैकी पीटर लुडविग पानुम जेमतेम पंचविशीचा होता. प्रयोगशाळा नाही, विषाणू नावाची गोष्टच अजून कुणाला ठाऊक नाही. त्याच्या हाती होत्या फक्त तारखा. कोण कुणाला कधी भेटलं आणि पुरळ कधी उठलं, हे तो गावोगाव फिरून लिहीत गेला. संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत १३ ते १४ दिवस जातात, हे त्यानं नुसत्या विचारपुशीतून काढलं, आणि आजही तो आकडा बदललेला नाही. पण त्याच्या नोंदींतली खरी चक्रावणारी गोष्ट म्हाताऱ्यांची आहे. या बेटांवर याआधी गोवर आला होता तो १७८१ साली. तेव्हा ज्यांना तो होऊन गेला होता, त्यांतली जी माणसं ६५ वर्षांनंतरही हयात होती, त्यांपैकी एकालाही दुसऱ्यांदा गोवर झालेला पानुमला दिसला नाही.

६५ वर्षं त्यांच्या शरीरानं नेमकं काय सांभाळून ठेवलं होतं?

अँटीबॉडी, हे कोविडनंतर कुणीही देईल असं उत्तर. पण गणित मांडलं की ते उत्तर टिकत नाही. प्रौढ माणसाच्या रक्तात सुमारे तीन लिटर रक्तद्रव असतं आणि त्यात आयजीजी जातीच्या अँटीबॉडी लिटरमागे साधारण १० ग्रॅम असतात. एकूण झाल्या ३० ग्रॅम. रेणूंच्या हिशेबात ही संख्या १२ वर १९ शून्यं इतकी भरते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली संख्यांची नावं परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यं देऊन, थांबतात. आपल्या प्रत्येकाच्या अंगात अशा बाराशे परार्ध अँटीबॉडी फिरत असतात.

मात्र हे रेणू कायम टिकणारे नाहीत. आयजीजीचं अर्धआयुष्य २१ दिवसांच्या आसपास. आज शंभर असतील तर तीन आठवड्यांनी पन्नास, सहा आठवड्यांनी पंचवीस. आता असं धरू की १७८१ मध्ये त्या फेरोकर पोराच्या अंगातल्या सगळ्याच्या सगळ्या बाराशे परार्ध अँटीबॉडी गोवराविरुद्धच होत्या आणि नवीन एकही तयार झाली नाही. निम्मं, त्याचं निम्मं, असं करत शेवटच्या रेणूपर्यंत यायला किती वेळा निम्मं करावं लागेल? ६७ वेळा. सदुसष्ट गुणिले एकवीस म्हणजे १,४०७ दिवस. चार वर्षंही भरली नाहीत. ६५ वर्षांत असे अकराशेच्या वर टप्पे बसतात.

तेव्हा राखलेली वस्तू अँटीबॉडी नव्हती, ती बनवणारी पेशी होती. अस्थिमज्जेत तळ ठोकून बसणाऱ्या प्लाझ्मा पेशी वर्षानुवर्षं, काही तर दशकानुदशकं जगतात आणि एकेक पेशी सेकंदाला काही हजार अँटीबॉडी बाहेर टाकते. दोन हजारच धरल्या तरी दिवसाला १७ कोटींच्या वर झाल्या. त्यांच्या दिमतीला स्मृतिपेशी असतात, एकदा भेटलेल्या रोगजंतूचा तोंडवळा जपणाऱ्या. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ४५ माणसांच्या रक्ताचे जुने-नवे नमुने तपासले. काहींचे नमुने २६ वर्षांच्या अंतरातले होते. धनुर्वाताविरुद्धच्या अँटीबॉडींची पातळी निम्मी व्हायला ११ वर्षं लागत होती. गोवराच्या बाबतीत हिशेब आला दोनशे वर्षांहून जास्त. इतकं माणूस जगत नाही, हा भाग वेगळा.

एकदा येऊन जन्मभराची निश्चिंती देणारा आजार म्हणून गोवराची ख्याती या आकड्यात पक्की होते. पण त्याच्या वहीचं हे एकच पान. दुसरं पान वजाबाकीचं आहे आणि ते वाचायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

आधी दोन्ही पक्षांचं बळ पाहू. २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मांडलेल्या हिशेबानुसार ७३ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात प्रतिकारशक्तीच्या पेशी सुमारे १.८ लाख कोटी असतात आणि त्यांचं एकत्र वजन १.२ किलो भरतं. आपण यकृताला अवयव म्हणतो, मेंदूला म्हणतो. मेंदूच्या जवळपास जाईल इतक्या वजनाचा हा अवयव मात्र शरीरभर विखुरलेला असल्यानं नजरेत येत नाही. अस्थिमज्जा, लसीका ग्रंथी, प्लीहा, आतडी, सगळीकडे त्याचं ठाणं. यांतल्या लिंफोसाइट पेशींपैकी रक्तात कोणत्याही क्षणी असतात शेकडा दोनच्या आसपास. म्हणजे सीबीसीच्या रिपोर्टवर आपण बोट ठेवून ज्या लिंफोसाइट मोजतो, त्या वाटसरू असतात. उरलेल्या ९८ टक्के घरी असतात आणि घरची खबर त्या कागदावर नसते. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

समोरच्या पक्षाकडे काय आहे? आरएनएची एक पट्टी, १५,८९४ अक्षरांची. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटींहून जास्त अक्षरं असतात. म्हणजे आपली संहिता गोवराच्या सुमारे दोन लाख पट मोठी. त्या पट्टीवर सहा जनुकं आणि त्यांतून बनणारी प्रथिनं फक्त आठ. वजन तर इतकं क्षुल्लक की असं एक ग्रॅम आरएनए जमवायचं ठरवलं, तर गोवराचे जवळपास परार्धभर जनुकसंच एकत्र करावे लागतील. पुन्हा परार्धच.

१५,८९४ हा आकडा मला फार आवडतो. त्याला सहानं भागा: २,६४९, बाकी शून्य. हा योगायोग नाही. गोवराच्या आरएनएवर एका प्रथिनाच्या कणांचं आवरण असतं आणि प्रत्येक कण बरोबर सहा अक्षरं झाकतो. पट्टीची लांबी सहाच्या पटीत नसेल तर नक्कल करणाऱ्या यंत्रणेचा जम बसत नाही. विषाणूशास्त्रात याला सहाचा नियम म्हणतात. २,६४९ कण, प्रत्येकाखाली सहा अक्षरं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. निसर्ग ढिसाळ असतो असं वाटणाऱ्यानं हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

आता गाठ पडते. गोवर श्वासावाटे येतो, पण नाकाघशाच्या अस्तरात रेंगाळत नाही. फुप्फुसात गस्त घालणाऱ्या प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावर सीडी १५० नावाचं एक प्रथिन असतं, त्याला तो चिकटतो. पहारेकरीच त्याला लसीका ग्रंथीत घेऊन जातात. तिथे सीडी १५० सर्वांत जास्त कुणाच्या अंगावर असतं? स्मृतिपेशींच्या. टी असोत की बी, कोऱ्या पेशींपेक्षा अनुभवी पेशींवर ही कडी जास्त. आठ प्रथिनांच्या विषाणूनं १.८ लाख कोटींच्या गर्दीतून नेमक्या जुन्याजाणत्या पेशी निवडलेल्या असतात.

या काळात मूल खेळत असतं. दहाएक दिवस काहीच दिसत नाही. मग ताप, खोकला, लाल डोळे, गालांच्या आत पांढरे ठिपके आणि शेवटी पुरळ. पुरळ हे आजाराचं तोंड म्हणून आपण ओळखतो, पण खरं तर तो प्रतिहल्ला असतो: त्वचेतल्या संसर्गित पेशींवर टी पेशी तुटून पडलेल्या असतात. ज्यांची टी पेशींची फळीच कमकुवत आहे, अशा मुलांना गोवर होऊनही कधीकधी पुरळ उठत नाही, आणि तीच मुलं जास्त धोक्यात असतात. ‘गोवर बाहेर पडला की बरं’ ही घरोघरची समजूत त्या अर्थानं अगदीच खुळी नव्हती.

आजाराच्या भरात लिंफोसाइटची संख्या घसरते आणि पुरळ ओसरल्यावर आठवड्याभरात पूर्ववत होते. रिपोर्ट नॉर्मल. इथेच फसगत होते. संख्या भरून आली ती कुणाच्या बळावर? बव्हंशी गोवराला ओळखणाऱ्या नव्या पेशींच्या. गेल्या त्या दुसऱ्याच होत्या: आदल्या वर्षीचा फ्लू, त्याच्या आधीचा न्यूमोनिया, हगवण लावणारा कुठला तरी जंतू ओळखणाऱ्या. बेरीज तीच, माणसं वेगळी.

याचा पहिला पुरावा अँटीबॉडी मोजण्याची सोय नसताना मिळाला होता. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी क्षयाच्या संसर्गासाठी त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी १९०७ मध्ये पुढे आणली. क्षयाचा जंतू अंगात असलेल्या मुलाच्या कातडीवर लाल गाठ उठायची. वर्षभरातच त्यांच्या लक्षात आलं की आधी चाचणी होकारार्थी आलेल्या मुलांना गोवर झाला की ती काही दिवस नकारार्थी येते. जंतू जागच्या जागी होता. त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. एका संसर्गानं दुसऱ्या संसर्गाची चाचणी खोटी पाडल्याचं १९०८ मधलं हे निरीक्षण विषाणू आणि प्रयोगशाळा यांच्या नात्यातलं माझ्या मते सर्वांत बोलकं प्रकरण आहे. पण ते ‘तात्पुरतं’ म्हणून बाजूला पडलं.

मग २०१३. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणांसाठी लस न घेणाऱ्या एका प्रॉटेस्टंट समाजात गोवराची साथ आली. संशोधकांनी तिथल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त साथ पोचण्याआधी घेऊन ठेवलं होतं आणि गोवर होऊन गेल्यावर पुन्हा घेतलं. गोवराच्या आधीचं आणि नंतरचं, असं ७७ मुलांचं जोडीचं रक्त. अशी संधी शास्त्राला सहसा मिळत नाही, आणि ती मिळावी अशी इच्छाही कुणी करू नये.

त्यावर वापरलेलं तंत्र म्हणजे व्हायरस्कॅन. हार्वर्डमधल्या स्टीफन एलेज यांच्या प्रयोगशाळेनं ते २०१५ मध्ये जाहीर केलं. कल्पना भन्नाट आहे. माणसाला बाधणाऱ्या २०६ विषाणूंच्या प्रथिनांचे ५६-५६ अमिनो आम्लांचे तुकडे पाडायचे. तुकडे झाले ९३,९०४. प्रत्येक तुकडा जिवाणू खाणाऱ्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर चढवायचा आणि हा सगळा ताफा एका थेंबाहूनही कमी रक्तात सोडायचा. एका मायक्रोलिटर रक्तद्रवात ४० लाख कोटी अँटीबॉडी असतात, तेव्हा थेंब पुरून उरतो. जी अँटीबॉडी ज्या तुकड्याला धरते तो बाजूला काढून वाचायचा. माणसाच्या आयुष्यभराच्या आजारपणांचा लेखाजोखा त्यातून उलगडतो.

गोवराच्या आधीचे आणि नंतरचे लेखे २०१९ मध्ये शेजारी ठेवले गेले. ७७ मुलांनी इतर रोगजंतूंविरुद्धच्या आपल्या अँटीबॉडींच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के भाग गमावला होता. सौम्य गोवर झालेल्यांत या घटीचा मध्यक ३३ टक्के, तीव्र झालेल्यांत ४०. म्हणजे ‘साधाच तर झाला होता’ म्हणणाऱ्या घरातल्या मुलाचीही तिसऱ्या हिश्श्याची शिदोरी गेली. लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही, हे इथेच सांगून टाकतो.

गेलेलं परत मिळतं, पण एकेक जंतू पुन्हा भेटून. ती भेट म्हणजे पुन्हा ताप, पुन्हा जुलाब. मायकल मीना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कच्या मृत्यूनोंदी उलगडल्या, तेव्हा गोवराच्या साथीनंतर दोन ते तीन वर्षं मुलांचे इतर संसर्गांनी होणारे मृत्यू वाढलेले सापडले. लस येण्यापूर्वीच्या काळात संसर्गानं दगावणाऱ्या मुलांपैकी निम्म्यापर्यंत मृत्यूंशी गोवराचा संबंध असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला असायचा. दोन वर्षांपूर्वीचा गोवर कोण लिहिणार?

लस येण्यापूर्वी जगात गोवरानं वर्षाला अंदाजे २६ लाख लोक मरत. हा आकडा थेट गोवरानं झालेल्या मृत्यूंचा. वरचा निष्कर्ष खरा धरला तर तो अपुरा आहे. गोवराची मोजदाद पुरळ मावळल्यावर थांबवणं ही हिशेबातली चूक आहे, आणि आपण ती अजूनही करतो.

आता शरीराच्या जमाखर्चाकडे. ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च १० ते १३ टक्के वाढतो. दहा किलोच्या मुलाला नुसतं पडून राहायला दिवसाला साडेपाचशे किलोकॅलरी लागतात. गोवराचा ताप सहज ४० अंशांवर जातो, म्हणजे खर्च दीड-दोनशेनं वाढला. त्याच वेळी तोंड आतून सोललेलं, जुलाब लागलेले, अन्न नको झालेलं. मिळकत बंद आणि खर्च वाढलेला. त्यातून आधीच कुपोषित असलेलं मूल पार कोलमडतं.

पण मोठा फटका कॅलरींचा नसून अ जीवनसत्त्वाचा आहे. डोळ्यांचं, श्वासनलिकेचं, आतड्याचं अस्तर त्याच्यावर उभं असतं, आणि गोवर नेमका या तिन्ही जागी घाव घालतो. लंडनमध्ये जोसेफ एलिसन यांनी १९३२ साली गोवर झालेल्या सहाशे मुलांचे दोन गट केले. तीनशेंना नेहमीचे उपचार, तीनशेंना त्यासोबत जीवनसत्त्वयुक्त तेल. पहिल्या गटात २६ मुलं दगावली, दुसऱ्यात ११. इतकी उघड तफावत समोर असूनही हा निष्कर्ष अर्धशतक अडगळीत पडून राहिला. १९९० मध्ये केपटाऊनच्या ग्रेगरी हसी आणि मॅक्स क्लाइन यांनी १८९ मुलांवर पुन्हा तपासून पाहिलं. जीवनसत्त्व न मिळालेल्या ९७ मुलांपैकी १० गेली. मिळालेल्या ९२ पैकी २.

डोस किती? एक वर्षावरच्या मुलाला २ लाख युनिट, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. लाखाचा आकडा ऐकून छाती दडपते, पण एक युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम. २ लाख युनिट झाले ६० मिलिग्रॅम, वजनानं तांदळाचे तीन दाणे. लहान मुलाची रोजची गरज चारशे मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हे तीन दाणे म्हणजे पाच महिन्यांची बेगमी.

यात प्रयोगशाळेची आणखी एक गोम आहे. केपटाऊनच्या त्या मुलांपैकी ९२ टक्क्यांच्या रक्तात अ जीवनसत्त्व किमान मर्यादेखाली सापडलं होतं, आणि त्यांच्यात अभावाची बाह्य लक्षणं नव्हती. मग ती सगळी मुलं मुळातच उपाशी होती का? सांगता येत नाही. यकृतातून अ जीवनसत्त्व रक्तात वाहून नेणारं एक प्रथिन असतं आणि कुठलाही जोरदार संसर्ग झाला की यकृत त्याचं उत्पादन आखडतं. कोठारात माल असला तरी गाडीच सुटत नाही. रक्तातला आकडा दोन्ही परिस्थितींत सारखाच घसरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: तपासत बसू नका, गोवर म्हणताच द्या.

गोवराच्या फैलावाचे आकडे बहुतेकांनी ऐकलेले असतात, त्यामुळे भरभर. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. लस न घेतलेल्या दहा जणांत तो आला तर नऊ जणांना गाठतो. पूर्णपणे असुरक्षित वस्तीत एक रोगी १२ ते १८ जणांना देतो. पंधरा धरा: १५, २२५, ३,३७५, ५०,६२५, ७,५९,३७५. पाच फेऱ्या, सुमारे दोन महिने. फिजी बेटांवर १८७५ साली हेच झालं आणि ४० हजारांच्या आसपास माणसं मेली.

पण हीच त्याची अडचण. इतक्या झपाट्यानं तो सरपण संपवतो की सतत नवी बाळं जन्माला घालणारी वस्ती हाताशी नसेल तर त्याचाच वंश खुंटतो. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ मॉरिस बार्टलेट यांनी १९५० च्या दशकात काढलं की गोवर कायमचा मुक्कामी राहायला अडीच-तीन लाखांचं शहर लागतं. म्हणून फेरोत तो ६५ वर्षं फिरकला नव्हता. आणि म्हणूनच गोवर अश्मयुगातला असू शकत नाही. बर्लिनमध्ये १९१२ साली दगावलेल्या एका बालिकेचं जपून ठेवलेलं फुप्फुस तपासून २०२० मध्ये संशोधकांनी अंदाज बांधला की गोवर गुरांच्या बुळकांडीपासून इसवीसनपूर्व सहाव्या शतकाइतक्या आधी फुटून निघाला असावा, मोठी शहरं उभी राहू लागली त्या सुमारास. बुळकांडीचं २०११ मध्ये जगातून उच्चाटन झालं. धाकटा भाऊ अजून आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेत एडमन्स्टन आडनावाच्या १३ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या रक्तातून जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी विषाणू वेगळा केला. त्याच घराण्यातला एडमन्स्टन-झाग्रेब हा निवळलेला वाण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत असतो. अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात किमान हजार जिवंत संसर्गक्षम एकक. हजारच. लाख कोटींच्या भाषेतून उतरून आलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण २००० ते २०२३ या काळात अशा डोसांनी सहा कोटींच्या वर मृत्यू टाळल्याचा अंदाज आहे. तरीही २०२३ मध्ये जगात १ कोटी ३ लाख लोकांना गोवर झाला आणि १,०७,५०० मृत्यू झाले.

भारताच्या लसीकरण कार्यक्रमात गोवर आला १९८५ मध्ये, दुसरा डोस २०१० पासून. २०१७ नंतरच्या गोवर-रुबेला मोहिमेचं लक्ष्य ४१ कोटी मुलांचं होतं. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. एवढं होऊनही २०२२ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर भडकला. कसा? नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरातल्या ८५ मुलांना लागू पडतो, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी अजून आड येतात. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. दोन कोटीच धरली आणि प्रत्येकाला पहिला डोस मिळाला असं मानलं, तरी ३० लाख मुलं उघडी राहतात. दर वर्षी. दुसरा डोस ही खबरदारी नव्हे, तो त्या ३० लाखांचा पहिलाच खरा डोस आहे. साथ थोपवायला ९३ ते ९५ टक्के लोक सुरक्षित हवेत आणि एका डोसाचं गणित ८५ वर अडतं.

राहिली चाचणी. आयजीएम अँटीबॉडीची तपासणी स्वस्त आणि सोपी, पण पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत रक्त घेतलं तर खऱ्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांपर्यंत निसटू शकतात. शरीरानं त्या अजून पुरेशा बनवलेल्याच नसतात. त्या दिवसांत घशाच्या नमुन्याची पीसीआर उपयोगी. तिचं सामर्थ्य दुपटीत आहे: प्रत्येक आवर्तनात एकाचे दोन. दहा आवर्तनांत १,०२४, वीसमध्ये दहा लाखांवर, तीसमध्ये १०७ कोटी, चाळीसमध्ये सुमारे १ लाख १० हजार कोटी प्रती. तासा-दोन तासांत एका रेणूचा असा डोंगर उभा राहतो. उलट बाजूनं, गोवराचं आरएनए बऱ्या झालेल्या मुलांच्या शरीरात कित्येक आठवडे रेंगाळलेलं सापडलं आहे. तेव्हा ‘सापडलं’ म्हणजे ‘आज आजारी आहे’ असंही नाही.

किती अँटीबॉडी असल्या म्हणजे पुरेशा, याचं उत्तर तर एका योगायोगानं दिलं. अमेरिकेतल्या एका शिक्षणसंस्थेत रक्तदान झालं आणि पाठोपाठ गोवराची साथ आली. साठवलेल्या रक्तातून प्रत्येकाची साथीआधीची पातळी कळली. १२० किंवा त्याहून कमी असलेल्या ९ दात्यांपैकी ८ जणांना गोवर झाला. १२० च्या वर असलेल्या ७१ पैकी एकालाही नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातली १२० ची रेघ आजही जगभर वापरात आहे. तिच्या पायाशी नऊ माणसं आहेत, हे वापरणाऱ्यांपैकी फार जणांना आठवत नसेल.

आणि रोग हटत जातो तशी चाचणी बिघडत जाते. समजा एखादी आयजीएम चाचणी शंभर रुग्णांतले ९० पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या ३ जणांवर चुकून शिक्का मारते. पुरळ-तापाची एक लाख मुलं तपासली आणि त्यांतल्या १० हजारांना खरंच गोवर आहे: ९,००० खरे निकाल, २,७०० खोटे. ठीक चाललं आहे. आता लस पोचली आणि लाखात गोवराचे उरले फक्त १००: खरे निकाल ९०, खोटे २,९९७. चाचणी तीच, किट तेच, तंत्रज्ञही तोच. पण होकारार्थी कागदांपैकी शंभरातले सत्त्याण्णव खोटे. रुबेला किंवा पार्व्होसारखे दुसरे पुरळाचे विषाणू त्यात भर घालतात. म्हणून रोग जसा मागे हटतो तसा नुसत्या आयजीएमवर भरवसा ठेवता येत नाही. पीसीआर करून विषाणूचं घराणं ओळखावं लागतं, तो इथलाच की बाहेरून आलेला हे पाहावं लागतं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यात सातशेहून अधिक प्रयोगशाळा आहेत.

गोवर संपला असा दाखला मिळायला ३६ महिने स्थानिक साखळी तुटलेली दाखवावी लागते. नुसतं ‘आमच्याकडे रुग्ण नाही’ म्हणून भागत नाही, कारण न शोधणाऱ्यालाही रुग्ण सापडत नसतातच. म्हणून अट अशी: दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला पुरळ-तापाचे किमान दोन संशयित तपासून ते गोवराचे नाहीत हे सिद्ध झालेलं असलं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे इथे गोवराचा एकही रुग्ण नाही असं म्हणायचं, तर दर वर्षी किमान २,२४८ जणांचं रक्त किंवा घशाचा नमुना घेऊन त्यांना गोवर झालेला नाही हे दाखवून द्यावं लागेल.